सूर्यद्वारावरची हजेरी

मी सिंगापूरला राहून लोकांना डोंगर चढायला नेतो, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. त्याचं काही चुकत नाही. या बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर म्हणजे बुकित तिमा, आणि तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढायला माझ्या बायकोलासुद्धा अर्धा तास लागत नाही. माथ्यावर उंची कोरलेला एक मोठा दगड आहे. लोक त्याला टेकून मोठी मोहीम फत्ते केल्यासारखे फोटो काढतात आणि खाली उतरून हॉकर सेंटरमध्ये नाश्त्याला बसतात. अशा गावातून मी दरवर्षी दहा-बारा मराठी माणसं गोळा करतो आणि पृथ्वीच्या पार पलीकडे, पेरू देशात, माचू पिचूच्या चार दिवसांच्या पायवाटेवर घेऊन जातो.

मूळचा मी दर्यावर्दी. वेंगुर्ल्याहून निघालो तो सव्वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये राहिलो. एकदा पेरूच्या बंदरात आमचं जहाज दुरुस्तीसाठी तीन आठवडे अडकलं, तेव्हा वेळ जात नाही म्हणून मी त्या पायवाटेला गेलो आणि परत आलो तो जरा खुळावूनच. नोकरी संपवून सिंगापुरात, बिशानच्या फ्लॅटमध्ये स्थिरावल्यावर ओळखीच्या आठ जणांना घेऊन गेलो, त्यांनी आणखी आठ जणांना सांगितलं, आणि म्हातारपणी हा धंदा गळ्यात पडला. बायको म्हणते, आधी समुद्रावर पळायचात, आता डोंगरावर पळता.

हे काम बाहेरून वाटतं तसं नाही. त्या वाटेवर उठून कुणालाही चालता येत नाही. परवाना लागतो, तो कित्येक महिने आधी काढावा लागतो, आणि त्यावर पासपोर्टचा नंबर छापलेला असतो. तिथला परवानाधारक वाटाड्या बरोबर असावाच लागतो. तंबू, भांडी आणि शिधा हमाल वाहून नेतात. आपण फक्त चालायचं. मी काय करतो? मी माणसं निवडतो, त्यांना सहा महिने तयार करतो आणि तिथे गेल्यावर त्यांच्यावर लक्ष ठेवतो. चालायचं काम तीन दिवसांत कुणालाही जमतं, पण लक्ष ठेवायला मी इंजिनरूममध्ये शिकलो, असं मी फुशारकीने सांगत असे. का 'असे' म्हणतो, ते पुढे येईलच.

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. एका गृहस्थांनी परवाना हातात आल्यावर हौसेने पासपोर्ट नवा करून घेतला आणि जुना घरी कपाटात ठेवून ते पेरूला आले. नव्या नंबराचा माणूस पायवाटेच्या चौकीवाल्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. बिचारे आगगाडीने माचू पिचूला गेले आणि चार दिवस आमची वाट बघत भाजलेले मके खात बसले. दुसरे एक जण चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी सहा महिने रोज आपल्या इमारतीचे पंचवीस मजले जिन्याने चढून सराव केला. मी खूश होतो. वाटेवर पठ्ठ्या हरणासारखा चढलाही, आणि उतरणीच्या दगडी पायऱ्या लागल्यावर मात्र गुडघे धरून बसला. तेव्हा उलगडा झाला की साहेब पंचवीस मजले चढून जायचे आणि रोज लिफ्टने खाली यायचे. तेव्हापासून माझा नियम आहे, जिना चढलात तर जिन्यानेच उतरा. सिंगापूरच्या माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं.

खरी अडचण मात्र पायांची नसते, हवेची असते. उंचावर हवा विरळ होते. इंजिनाला हवा कमी पडली की ते काळा धूर सोडतं, म्हणजे निदान कळतं तरी. माणूस धूर सोडत नाही. विशेषतः आपला मराठी माणूस तोंड कसनुसं करून म्हणतो, मी अगदी बरा आहे, माझ्यासाठी थांबू नका. म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतो, डोकं दुखतं का, झोप लागली का, जेवण गेलं का हे विचारतो आणि वहीत लिहितो. निघण्यापूर्वी चार पानी फॉर्म भरून घेतो. रक्तदाब, साखर, गुडघे, गोळ्या, कुणी घोरतं का, सगळं त्यात असतं. या फॉर्मचा मला फार अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीत बर्वेबाई आल्या. वय चौसष्ट, सांगलीच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला. मुलगी गौरी इथे विद्यापीठात संशोधन करते आणि क्लेमेंटीला राहते, बाई तिच्याकडे अधूनमधून येऊन राहायच्या. नाव गौरीने नोंदवलं होतं. चौकशीला आल्या तेव्हा मी वय ऐकून आढेवेढे घेतले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सावंत, पस्तीस वर्षं मी अँडीज पर्वत मुलांना नकाशावर काठीने दाखवला. माझं बोट कधी त्या नकाशाच्या पलीकडे गेलं नाही. मला तिथे एकदा पायांनी जायचंय. इंका ज्या दारातून आत जायचे त्याच दारातून." ते दार म्हणजे सूर्यद्वार. चौथ्या दिवशी सकाळी वाट एका दगडी चौकटीतून बाहेर पडते आणि खाली सगळं माचू पिचू दिसतं. मी हो म्हटलं. नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

रविवारी सकाळी बुकित तिमाला सराव असायचा. पहिल्याच रविवारी सगळे घोळक्याने बोलत उभे होते, तेव्हा बाईंनी माझ्या हातातला कागद घेतला आणि खणखणीत आवाजात हजेरी घेतली. पुढे तो पायंडाच पडला. बँकांतले, आयटीतले मोठमोठे लोक "हजर, बाई" म्हणायला लागले. इथेच वाढलेली एक पोरगी, शेवटी सिंगापुरी 'ला' जोडून, "प्रेझेंट ला" म्हणायची. बाईंनी पहिल्या वेळी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, दुसऱ्या वेळेपासून तेही चालवून घेतलं. सगळ्यात शेवटी माझं नाव घ्यायच्या. मी उशिरा आलो की नावापुढे फुली. सहा महिन्यांत माझ्याच नावापुढे सगळ्यात जास्त फुल्या होत्या. बाई मात्र चढल्याही आणि उतरल्याही, एकदाही लिफ्टची आठवण न काढता.

पेरूत पोहोचल्यावर चार दिवस आम्ही उंचीची सवय करून घेतली. बाईंचे आकडे माझ्यापेक्षा चांगले होते. गुरुवारी चालायला सुरुवात केली. पहिला दिवस नदीकाठाने, सोपा. संध्याकाळी साडेसहाला जेवणाच्या तंबूत गरम सूप आलं. बाहेर ढग उतरले होते आणि चारी बाजूंना डोंगर उभे होते. मी वही उघडून दुसऱ्या दिवसाची योजना समजावत होतो, कारण दुसरा दिवस सगळ्यात अवघड. सकाळपासून चढत चढत चार हजार मीटरच्या वरच्या खिंडीत जायचं असतं. खिंडीचं नाव 'मेलेल्या बाईची खिंड'. डोंगराचा आकार निजलेल्या बाईसारखा आहे म्हणून ते पडलंय. हे नाव मी खिंड ओलांडल्यावरच सांगतो. बर्वेबाईंना अर्थातच आधीपासून ठाऊक होतं.

मी बोलत असताना बाईंनी मध्येच विचारलं, "सावंत, इथे आज चंद्र किती वाजता उगवेल?"

मला वाटलं, भूगोलाच्या बाईंची जिज्ञासा. आणि माझं वाक्य तुटल्याने मी जरा वैतागलोही होतो. म्हणालो, "ते ढगांना विचारा, बाई." सगळे हसले. बाईही हसल्या. मी पुढे सांगत राहिलो. मग वहीत सगळ्यांच्या नोंदी केल्या. जेवण गेलं का, विचारल्यावर बाई म्हणाल्या, गेलं. त्यांची वाटी रिकामी होतीच.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. तासाभरात बाई मागे पडायला लागल्या. आमचा वाटाड्या फ्रेदी पुढे होता, मी मुद्दाम शेवटी. दीडेक तासाने झाडी संपून उघडा माळ लागतो, तिथे बाई एका दगडावर बसल्या, आणि बसता बसता कलंडल्याच. गौरीने धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. चेहरा पांढराफटक, हात थरथरत होते, डोकं दुखत होतं, आणि एकदा ओकल्या तर नुसतं पाणी. मी बोटाला चिमटा लावला. आकडा ना धड चांगला, ना धड वाईट.

फ्रेदी मागे आला, शीळ घालून त्याने वर गेलेल्या स्वयंपाक्याला थांबवलं, गरम चहाचा थर्मास मागवला. स्वयंपाकी खाली आला, बाईंकडे बघितलं आणि फ्रेदीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. फ्रेदीने मला इंग्रजीत सांगितलं, तो म्हणतोय की या आजींनी कालपासून काही खाल्लेलं नाही. सूप त्यांनी शेजारच्याच्या वाटीत ओतलं, नाश्त्याची लापशी मुलीच्या ताटात घातली. त्याने दोन्ही वेळा पाहिलं होतं. माझ्या वहीत दोन्ही वेळा 'जेवण गेलं' असं लिहिलेलं होतं.

गौरीच्या लगेच लक्षात आलं. "आई, संकष्टी?" तिने विचारलं. बाईंनी मान हलवली.

मग हळूहळू सगळं कळलं. बाई लग्नापासून संकष्टी करतात. दिवसभर काही नाही, साबुदाणासुद्धा नाही, चंद्र पाहून मगच जेवण. एकही संकष्टी चुकलेली नाही. दिनदर्शिकेत संकष्टी शुक्रवारी होती. दुसरी कुणी बाई असती तर तिने शुक्रवारी उपास केला असता आणि मोकळी झाली असती. पण या पडल्या भूगोलाच्या. त्यांनी हिशेब मांडला की पेरू भारताच्या साडेदहा तास मागे आहे. भारतात शुक्रवारी रात्री चंद्र उगवतो तेव्हा पेरूत शुक्रवारची सकाळ असते. मग इथला चतुर्थीचा चंद्र कोणता, गुरुवार रात्रीचा की शुक्रवार रात्रीचा? कागदावर दोन आकृत्या काढूनही उत्तर मिळालं नाही, तेव्हा शंका नको म्हणून त्यांनी दोन्ही दिवस उपास धरायचं ठरवलं. गुरुवारी रात्री चंद्र पाहून जेवायचं आणि शुक्रवारी पुन्हा उपास. पण गुरुवारी चंद्र दिसलाच नाही. देशात असत्या तर दिनदर्शिकेतली वेळ पाहून जेवल्या असत्या. इथली वेळ कुठे छापलेली नव्हती. ज्याला विचारली त्याने ढगांकडे बोट दाखवलं.

ते ऐकताना मला जी शरम वाटली, ती आजही तशीच आहे. सव्वीस वर्षं पाळी संपवून डेकवर आलो की चंद्र कधी उगवतो ते रोज पाहिलेलं. मला ती अंदाजाने अर्ध्या मिनिटात सांगता आली असती.

गौरी आईवर चिडली होती, डोळ्यांत पाणी होतं आणि हातात राजगिऱ्याचा लाडू. बाई खायला तयार नव्हत्या. एवढी वर्षं मोडला नाही, आता डोंगरावर येऊन मोडू का, असं म्हणत होत्या. मी उगाच मान वर केली आणि पश्चिमेला, नेमका खिंडीच्या वर, मला चंद्र दिसला. फिकट, एका बाजूने झिजलेला, निळ्या आकाशात. पौर्णिमेनंतरचा चंद्र सकाळी बराच वेळ आकाशात असतो, हे कोणताही खलाशी सांगेल. फक्त त्याने वर बघायला हवं.

"बाई, तिकडे बघा," मी म्हणालो. "हा काल रात्री उगवलेलाच आहे. ढगांमागे होता. आता थोड्या वेळात इथे मावळेल आणि तासाभराने सांगलीत उगवेल. तुमचे दोन चंद्र नाहीतच. हा एकच आहे."

बाई बघत राहिल्या. पोरांनी मांडलेलं गणित तपासावं तशी त्यांनी मनाशी उजळणी केली असावी, कारण ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. मी गोल काढला होता, पण त्यावर चंद्र फिरवला नाही." त्यांनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चंद्राला अर्घ्य दिलं. फ्रेदीने टोपी काढली. त्याच्या लोकांतही डोंगराला कोकाची तीन पानं दिल्याशिवाय खिंड ओलांडत नाहीत, त्यामुळे त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. मग बाईंनी लाडू खाल्ला, केळं खाल्लं, दोन कप चहा घेतला.

अर्ध्या तासात हातांची थरथर गेली, चेहऱ्यावर रंग आला. डोकं मात्र दुखतच होतं. आता ठरवायचं माझ्याकडे होतं. उपाशी माणसाचं डोकं दुखतं, ओकारी येते. उंची बाधलेल्या माणसाचंही तेच होतं. ही भोवळ उपासाने आलेली असेल तर बाई तासाभरात चालू लागतील. उंचीने आलेली असेल आणि मी वर नेलं, तर खिंडीतून त्यांना उचलून आणायला कुणी नाही. खाली पाठवलं तर वाट संपली, परवाना वाया, आणि चौसष्टाव्या वर्षी पुन्हा येणं कुठलं?

मी म्हणालो, "बाई, भूक आणि उंची यांतला फरक मला इथे कळत नाही. तुम्हाला खाली जावं लागेल."

"आणि ती नुसती भूकच निघाली तर?"

"तर माझं चुकलं."

त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. गौरी बरोबर जायला निघाली, तर तिला म्हणाल्या, "तू वर जा. सगळं नीट बघून ये आणि मला सांग. नुसते फोटो आणू नकोस." फ्रेदीची मदतनीस मारिसोल त्यांना घेऊन खाली गेली. वळणावर बाईंनी एकदा मागे पाहिलं. माझ्याकडे नाही, खिंडीकडे.

संध्याकाळी फ्रेदीच्या रेडिओवर निरोप आला की बाई दुपारी पोटभर जेवल्या, डोकं थांबलंय, आगगाडीने माचू पिचूच्या पायथ्याच्या गावात जातायत. डोकं खाल्ल्यामुळे थांबलं की उतरल्यामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टर मित्र म्हणतो तू बरोबर केलंस. बायको म्हणते, आदल्या संध्याकाळी एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं असतंस तर बरोबर करायची वेळच आली नसती. माझ्या फॉर्मवर आता पहिल्या पानावर पहिलाच प्रश्न आहे, उपास कोणते आणि कसे. आणि तुकडी निघण्यापूर्वी मी चंद्रोदयाच्या वेळा काढून ठेवतो, कुणी विचारो न विचारो.

पुढचे दोन दिवस गौरी आईने सांगितल्याप्रमाणे चालली. सगळीकडे थांबून बघायची, वहीत लिहायची. चौथ्या दिवशी पहाटे धुकं होतं म्हणून चौकीवर बराच वेळ गेला, वाटेत एकाचा पाय मुरगळला, आणि सूर्यद्वारापाशी पोहोचायला आम्हाला साडेआठ झाले. शेवटच्या उभ्या पायऱ्या चढून लोक धापा टाकत त्या दगडी चौकटीतून आत शिरायला लागले. मी नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे होतो. पुढे एकदम कालवा ऐकू आला. मला वाटलं, कुणी पडलं.

कुणी पडलं नव्हतं. चौकटीच्या पलीकडे बर्वेबाई उभ्या होत्या. मारिसोलने त्यांचं वेगळं तिकीट काढलं होतं. पहिल्या बसने अवशेषांपर्यंत येऊन, तिथून दीड तास चढून त्या उलट्या बाजूने दारात आल्या होत्या. चेहरा उन्हाने लाल, गळ्यात मारिसोलची रंगीत शाल. गौरी त्यांना मिठी मारून रडत होती आणि बाई तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या की दारातून आत जायचं ते बाहेर यावं लागलं, एवढंच.

मग त्यांनी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि खिशातून कागद काढला. एकेक नाव घेतलं. मुरगळलेल्या पायाचा माणूससुद्धा ताठ उभा राहून "हजर, बाई" म्हणाला. दुसऱ्या तुकड्यांतले लोक थांबून बघत होते.

"सावंत?"

"हजर."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आज आहात," त्या म्हणाल्या. "गुरुवारी संध्याकाळी तंबूत नव्हतात."

बाईंनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि माझा दंड धरून मला बाजूला केलं, कारण मी दारात उभा होतो. मग त्या चौकटीतून पलीकडे, आम्ही आलो त्या वाटेवर दहा पावलं चालत गेल्या, वळल्या, आणि आमच्यासारख्याच त्या दारातून आत आल्या.